दहा बाय दहाच्या खोलीतला बीट स्टुडिओ: काय घ्यावे आणि कोणत्या क्रमाने घ्यावे

हिप हॉप बीट, म्हणजे रॅपच्या खाली वाजणारे ठेक्याचे संगीत, करू इच्छिणारा नवा मुलगा किंवा मुलगी पहिला प्रश्न हमखास विचारते तो म्हणजे, "कोणता माइक घेऊ?" बीट करण्यासाठी माइक लागत नाही. दुसरा प्रश्न स्पीकरचा असतो, आणि स्पीकरही पहिल्या वर्षी लागतीलच असे नाही. जे लागते ते बरेच कमी आहे, आणि त्यातले बरेचसे आपल्या घरात आधीपासून असते. साधनांच्या नावांपेक्षा खरेदीचा क्रम महत्त्वाचा आहे. तो चुकला की तीस हजार रुपये खर्चूनही आपला बीट मित्राच्या गाडीत ऐकवताना संकोच वाटतो. म्हणून हा लेख त्या क्रमानेच लिहिला आहे.

एक गोष्ट आधी लक्षात घेतलेली बरी. हे संगीत मुळात अपुऱ्या साधनांतून उभे राहिले आहे. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात डीजे कूल हर्कने आपल्या बहिणीने आयोजित केलेल्या पार्टीत रेकॉर्डी वाजवल्या, आणि गाण्यातला केवळ ड्रम वाजत असलेला तुकडा दोन टर्नटेबलांवर लांबवत नेण्याच्या त्याच्या पद्धतीतून हिप हॉपची सुरुवात मानली जाते. पुढे १९८७ मध्ये ई-म्यू कंपनीचे एसपी-१२०० हे यंत्र आले. त्यात एकूण दहा सेकंदांचे सॅम्पल, म्हणजे रेकॉर्डीतून उचललेले आवाजाचे तुकडे, मावत. जागा वाचवण्यासाठी बीट करणारे ३३ आरपीएमची रेकॉर्ड ४५ च्या वेगाने फिरवून सॅम्पल घेत आणि यंत्रात त्याचा स्वर पुन्हा खाली आणत. त्या खटाटोपात आवाजाला जो खरखरीत, जाडसर पोत आला, तोच पुढे त्या काळाची ओळख ठरला. आज आपल्या खिशातल्या फोनमध्ये त्या यंत्राच्या हजारो पट जागा आहे. मुंबईत नेझी या कुर्ल्याच्या रॅपरने २०१४ मध्ये आपले पहिले गाजलेले गाणे आयपॅडवर केले, हेही अनेकांना ठाऊक असेल.

पहिली पायरी: दोन आठवडे काहीही विकत घेऊ नका

घरात लॅपटॉप असेल तर एफएल स्टुडिओ या संगीत करण्याच्या सॉफ्टवेअरची चाचणी आवृत्ती उतरवून घ्यावी. तिला दिवसांची मुदत नाही. केलेला बीट ऑडिओ फाइल म्हणून बाहेर काढता येतो, पण जतन केलेला प्रकल्प पुन्हा उघडता येत नाही. नवशिक्यासाठी हे बंधन मला उपयोगाचे वाटते, कारण बसल्या बैठकीत बीट पूर्ण करायची सवय त्यातून लागते. मॅक, आयफोन किंवा आयपॅड असेल तर गॅरेजबँड मोफत आहे. अँड्रॉइड फोन असेल तर बँडलॅब वापरावे. ते फोनवरही चालते आणि ब्राउझरमध्येही.

या दोन आठवड्यांत लॅपटॉपच्या कळांवर बोटे चालवून किमान दहा बीट करावेत. ते चांगले होणार नाहीत आणि त्याची चिंताही करू नये. या काळात आपल्याला कशाची अडचण जाणवते याची मात्र एका कागदावर नोंद ठेवावी. कोणाला सुरावट सुचते पण कळांवर वाजवता येत नाही, कोणाचा ड्रमचा ठेका बोटांत असतो पण माऊसने मांडताना निर्जीव होतो, तर कोणाला फोनवरच्या साध्या इअरफोनमध्ये बेस ऐकूच येत नाही. पुढची सगळी खरेदी या कागदावरून ठरवायची आहे.

दुसरी पायरी: हेडफोन, आणि ते आधी का

माझी स्वतःची पहिली खरेदी पाच इंची स्टुडिओ मॉनिटरची, म्हणजे स्टुडिओत वापरायच्या स्पीकरची, जोडी होती. डोंबिवलीतल्या चाळीतल्या आमच्या दहा फूट लांब, दहा फूट रुंद खोलीत मी टेबल बरोबर मध्यावर मांडले, दोन्ही बाजूंना सारखी जागा सोडली, आणि तीन महिने बीट केले. प्रत्येक बीटमध्ये मला बेस कमी वाटायचा, म्हणून मी तो वाढवायचो. एका मित्राच्या गाडीत पहिला बीट लावला तेव्हा खिडक्यांच्या काचा थरथरू लागल्या. बेसखाली बाकी सगळे गाडले गेले होते, स्नेअर (ड्रमचा वरचा, कडक आघात) कुठे आहे ते कळत नव्हते. स्पीकर खराब नव्हते. दोष खोलीचा होता आणि मी बसलो होतो त्या जागेचा.

यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे, कारण आपल्यापैकी बहुतेकांच्या खोल्या अशाच असतात. ध्वनी हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर वेगाने जातो. दहा फुटांच्या, म्हणजे साधारण ३.०५ मीटर अंतरावर समोरासमोर असलेल्या दोन भिंतींमध्ये ज्या ध्वनीची अर्धी लहर नेमकी मावते, तो ध्वनी त्या खोलीत साठून राहतो. हिशेब केला तर ही कंपनसंख्या साधारण ५६ हर्ट्झ येते. या ध्वनीचा दाब भिंतीपाशी सर्वांत जास्त आणि खोलीच्या मध्यावर सर्वांत कमी असतो. खोलीची लांबी आणि रुंदी सारखीच असेल तर दोन्ही दिशांनी हाच परिणाम एकावर एक चढतो. आता हार्मोनियमवाल्यांच्या भाषेत सांगायचे तर ५५ हर्ट्झ म्हणजे अगदी खालच्या सप्तकातली पांढरी सहा. हिप हॉपमधला ८०८ बेस, म्हणजे रोलँड कंपनीने १९८० साली आणलेल्या टीआर-८०८ या ड्रम मशीनच्या किकचा, म्हणजे खर्जातल्या ड्रमचा, तो लांबलेला घुमारा, साधारण ४० ते ६० हर्ट्झच्या याच पट्ट्यात फिरतो. मी ज्या जागी बसलो होतो तिथे माझ्या बीटचा पायाच ऐकू येत नव्हता.

हे पडताळून पाहणे अवघड नाही. कोणाकडून तासाभरासाठी बरा स्पीकर आणावा, त्यावर ५५ हर्ट्झचा सलग स्वर हळू आवाजात लावावा, आणि खोलीच्या मध्यापासून कोपऱ्याकडे चालत जावे. मध्यावर जवळपास शांतता असते आणि कोपऱ्यात तोच स्वर छातीत दाटतो. आमच्या खोलीत तर कोपऱ्यातले लोखंडी कपाटही त्या स्वराला झणझणू लागले होते. एकदा हा अनुभव घेतला की अशा खोलीत स्पीकरवर विसंबून बेसचा निर्णय का घेऊ नये ते वेगळे सांगावे लागत नाही.

हेडफोनच्या आणि कानाच्या मध्ये खोली येत नाही. म्हणून पहिला मोठा खर्च हेडफोनवर करावा. त्यांचे बंद पाठीचे आणि उघड्या पाठीचे असे दोन प्रकार असतात. उघड्या पाठीच्या हेडफोनमध्ये आवाज मोकळा आणि रुंद वाटतो, पण तो बाहेर झिरपतो आणि बाहेरचा आत येतो. शेजारी कुकरच्या शिट्या, खाली भाजीवाल्याची आरोळी आणि रात्री त्याच खोलीत झोपलेले आईवडील असतील, तर बंद पाठीचेच घ्यावेत. ऑडिओ-टेक्निकाचे एटीएच-एम४०एक्स, सोनीचे एमडीआर-७५०६ आणि बायरडायनॅमिकचे डीटी ७७० प्रो ही या कामात अनेक वर्षे टिकलेली नावे आहेत. पैसे कमी असतील तर एटीएच-एम२०एक्सवर सुरुवात करता येते. डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० ओहम अशा प्रकारांत मिळतात. थेट लॅपटॉपला किंवा फोनला लावायचे असतील तर ३२ ओहमचे पाहावेत, कारण २५० ओहमच्या हेडफोनला लॅपटॉपचे आउटपुट बहुधा पुरेसा आवाज देऊ शकत नाही.

संगीत ऐकण्यासाठी घरात असलेले 'एक्स्ट्रा बेस'चे हेडफोन या कामाला चालत नाहीत. ते बेस मुळातच फुगवून दाखवतात, त्यामुळे आपण तो कमी ठेवतो आणि बीट इतरांकडे पोकळ वाजतो. ब्लूटूथ हेडफोन तर बीट वाजवताना मुळीच वापरू नयेत. पॅडवर, म्हणजे बोटांनी ठेका वाजवायच्या खणावर, बोट पडल्यापासून आवाज कानात येईपर्यंत त्यांत शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज जातात. ९० बीपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ९० ठोक्यांच्या, ठेक्यात एका सोळाव्या मात्रेला सुमारे १६७ मिलिसेकंद मिळतात, म्हणजे आपण एक मात्रा वाजवतो आणि ऐकू येईपर्यंत पुढची मात्रा येऊन ठेपते.

नवे हेडफोन आल्यावर पहिल्या आठवड्यात त्यांवर बीट करण्यापेक्षा ऐकण्याचे काम जास्त करावे. आपल्याला आवडणारी, चांगली मिक्स झालेली पाच-सहा गाणी निवडावीत आणि प्रत्येकात किक किती पुढे आहे, बेस किती लांब रेंगाळतो, आवाजाला किती जागा सोडली आहे, हे पुन्हा पुन्हा ऐकावे. तयार बीट मात्र फोनच्या स्पीकरवरही नेहमी तपासावा. फोनचा छोटा स्पीकर ५० हर्ट्झ वाजवूच शकत नाही, आणि आपले बहुतेक श्रोते फोनवरच ऐकतात. बेसला थोडे सॅच्युरेशन, म्हणजे आवाज किंचित फाटू देणारा परिणाम, दिले की त्याचे वरचे स्वरांश तयार होतात आणि फोनवरही बेसची चाल कळते. रात्री उशिरा थकलेल्या कानांनी आवाज वाढवत नेण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण कानांची झीज भरून येत नाही.

तिसरी पायरी: सॉफ्टवेअर एकच निवडा

संगीत करण्याच्या सॉफ्टवेअरला या क्षेत्रात 'डॉ' म्हणतात. कोणते डॉ सर्वांत चांगले, या वादात नवशिक्याने पडू नये. वर्षभर एकालाच धरून राहावे. तरी निवड करावीच लागते, म्हणून माझे मत सांगतो. ड्रमचे पॅटर्न मांडण्यात ज्यांचा जीव रमतो त्यांना एफएल स्टुडिओ लवकर हाताला बसते. १९९७ साली फ्रूटीलूप्स या नावाने आलेल्या या सॉफ्टवेअरमध्ये एका ओळीतली सोळा खणांची मांडणी पाहताच समजते, आणि एकदा विकत घेतले की पुढच्या आवृत्त्या मोफत मिळतात. घेताना एवढे पाहावे की आपण घेत असलेल्या आवृत्तीत बाहेरचा आवाज रेकॉर्ड करण्याची आणि ऑडिओ क्लिप टाइमलाइनवर मांडण्याची पूर्ण सोय आहे. स्वस्त आवृत्तीत अशा बाबतीत बंधने असू शकतात आणि ती पुढे अडतात. सॅम्पल कापून, ताणून खेळणाऱ्यांना एबलटन लाइव्ह जवळचे वाटते. त्याची लाइट आवृत्ती अनेक कीबोर्ड आणि ऑडिओ इंटरफेससोबत (माइक कॉम्प्युटरला जोडणारी पेटी) मोफत येते. रीपर साठ दिवस पूर्ण स्वरूपात वापरून पाहता येते आणि त्याचा वैयक्तिक परवाना ६० डॉलरचा आहे. मात्र त्यात तयार वाद्यांचे आवाज जवळपास नसतात, ते आपण जमवायचे.

चोरीचे, म्हणजे क्रॅक केलेले सॉफ्टवेअर वापरू नये. कायद्याचा आणि नीतीचा मुद्दा आहेच, पण त्याहून रोजचा मुद्दा असा की ते अध्येमध्ये बंद पडते, त्यातून व्हायरस येतात, आणि ज्या दिवशी कोणी आपला बीट विकत मागतो त्याच दिवशी प्रकल्प उघडत नाही. व्हायटलसारखा उत्तम सिंथ, म्हणजे नवे आवाज घडवणारे सॉफ्टवेअर वाद्य, मोफत आवृत्तीत मिळत असताना याची गरजही उरलेली नाही.

चौथी पायरी: कॉम्प्युटर आणि उशीर

बीट करण्यासाठी व्हिडिओ एडिटिंगइतका ताकदवान कॉम्प्युटर लागत नाही. आठ जीबी रॅमवर काम सुरू होते, सोळा जीबीवर निवांत चालते. जुन्या लॅपटॉपमध्ये फिरती हार्ड डिस्क असेल तर नवा लॅपटॉप घेण्याआधी तिच्या जागी एसएसडी बसवून पाहावी. मी पाहिलेल्या जुन्या लॅपटॉपपैकी निम्मे तेवढ्याने पुन्हा कामाचे झाले.

नव्यांना खरा त्रास होतो तो उशिराचा, ज्याला लेटन्सी म्हणतात. कॉम्प्युटर आवाज तुकड्यातुकड्यांनी तयार करतो आणि त्या तुकड्याचा आकार म्हणजे बफर. सेकंदाला ४४,१०० सॅम्पलच्या (इथे सॅम्पल म्हणजे आवाजाचे एकेक मोजमाप) दराने १०२४ चा बफर म्हणजे सुमारे २३ मिलिसेकंद, २५६ चा म्हणजे सुमारे ६ आणि १२८ चा म्हणजे ३ मिलिसेकंदांहून थोडा कमी. यात बाकीच्या टप्प्यांचा उशीर मिळवला की २३ चे सहज तीस-चाळीस होतात, आणि मग बोट आणि आवाज यांची फारकत जाणवू लागते. विंडोजवर साधा ड्रायव्हर असेल तर हे हमखास होते. त्यासाठी एएसआयओ प्रकारचा, म्हणजे आवाज कमी उशिराने पोहोचवणारा, ड्रायव्हर निवडावा. एफएल स्टुडिओसोबत असा ड्रायव्हर येतो, आणि एएसआयओ४ऑल नावाचा मोफत ड्रायव्हरही आहे. मॅकवर ही व्यवस्था आधीपासूनच असते. वाजवताना बफर २५६ किंवा त्याहून कमी ठेवावा आणि मिक्सिंगच्या वेळी, आवाज तडतडू लागला की, १०२४ पर्यंत वाढवावा. एवढे एक सेटिंग बदलल्याने नवा कीबोर्ड 'खराब' आहे अशी समजूत झालेले कितीतरी जण सुटतील.

पाचवी पायरी: हाताखालचे साधन

आता दोन आठवड्यांच्या त्या कागदाकडे वळावे. सुरावटीची अडचण लिहिली असेल तर छोट्या कळांचा मिडी कीबोर्ड घ्यावा, ठेक्याची असेल तर पॅड. दोन्ही असतील, आणि बहुतेकांच्या कागदावर दोन्ही असतात, तर पंचवीस कळा आणि पॅड एकत्र असलेले साधन घ्यावे. अकाईचा एमपीके मिनी, आर्टुरियाचा मिनीलॅब ३ आणि नोव्हेशनचा लाँचकी मिनी हे तिन्ही या वर्गातले आहेत. एमपीके मिनी आणि मिनीलॅबला आठ-आठ पॅड आहेत, लाँचकी मिनीला सोळा. ही साधने स्वतः आवाज काढत नाहीत. कोणती कळ किती जोराने दाबली, एवढाच निरोप ती कॉम्प्युटरला देतात, म्हणून महाग कीबोर्डने आवाज चांगला होतो या समजात पैसे घालवू नयेत.

पॅड निवडताना दुकानात एक चाचणी अवश्य करावी. एकाच पॅडवर करंगळीने अलगद, मग मधल्या बोटाने मध्यम आणि मग जोराने असे क्रमाने वाजवावे. मिडीमध्ये जोराची नोंद १२७ पर्यंत होते. ज्या पॅडवर अलगद वाजवलेले नोंदलेच जात नाही किंवा मध्यम आणि जोरात यांत फरक पडत नाही, तो घेऊ नये. तबल्याच्या ठेक्यात जसे काही बोल दाबून, काही उघडे वाजतात, तसेच हाय-हॅटच्या (ड्रम सेटमधल्या झांजांच्या जोडीच्या) हलक्या आणि जड आघातांतून बीटला चाल येते. सगळे आघात १२७ वर असतील तर तो बीट शिलाई मशीनसारखा वाजतो.

सोळा पॅडची चौकट आली १९८८ च्या अकाई एमपीसी६० या यंत्रातून, ज्याची रचना रॉजर लिन यांनी केली. त्यातच त्यांची 'स्विंग'ची सोय होती: प्रत्येक जोडीतली दुसरी सोळावी मात्रा किंचित उशिरा टाकायची. पन्नास टक्के म्हणजे सरळ ठेका, सहासष्टच्या आसपास म्हणजे तिनाच्या अंगाचा. आपल्याकडच्या ढोलकीच्या लावणीच्या ठेक्यात कान मुरलेल्याला चोपन्न ते साठ टक्क्यांमधली ही झुलती जागा शिकवावी लागत नाही. हे सेटिंग आज जवळपास प्रत्येक डॉमध्ये आहे, त्यासाठी वेगळे यंत्र घ्यावे लागत नाही. एमपीसी किंवा रोलँडचे एसपी-४०४ यांसारखी स्वतंत्र यंत्रे सुंदर आहेत, पण ती दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची खरेदी आहे, ज्यांना पडद्याकडे पाहून काम करण्याचा कंटाळा आला आहे अशांसाठी.

सहावी पायरी: माइक आणि इंटरफेस, गरज पडेल तेव्हा

बाहेरचा आवाज रेकॉर्ड करायचा नसेल तर ऑडिओ इंटरफेसची घाई नाही. पण मराठी बीट करणाऱ्याला ही गरज इतरांपेक्षा लवकर पडते असे मला वाटते, कारण तयार सॅम्पल पॅकमध्ये तबला आणि ढोल असतो, पण हलगी, संबळ, दिमडी, तुणतुणे यांचे चांगले, सुटे आघात फारसे मिळत नाहीत. ते आपण स्वतः रेकॉर्ड करावेत, म्हणजे बीटमध्ये आपल्या मातीचा आवाजही येतो आणि कोणाच्या हक्काचा प्रश्नही राहत नाही. दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रिकेतला तुकडा वापरायचा तर मूळ चालीची आणि त्या ध्वनिमुद्रणाची, अशा दोन्ही परवानग्या लागतात.

इंटरफेस एका माइकच्या इनपुटचा पुरतो. फोकसराइटचा स्कार्लेट सोलो आणि ऑडियंटचा ईव्हो ४ ही नेहमीची नावे आहेत. ईव्हो ४ ला दोन इनपुट आहेत. कोणताही इंटरफेस घेतला तरी त्यावर ४८ व्होल्टची फँटम पॉवर (कंडेन्सर माइकला केबलमधून मिळणारी वीज) आहे आणि त्याचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर आहे, एवढे पाहावे. हाच इंटरफेस हेडफोनलाही चांगला आवाज देतो आणि लेटन्सीचा त्रास कमी करतो.

माइकबाबत लोकप्रिय सल्ला कंडेन्सर, म्हणजे बारीक आवाजही टिपणारा संवेदनशील प्रकार, घेण्याचा असतो. शांत, जाड पडद्यांच्या खोलीत एटी२०२० सारखा कंडेन्सर माइक खरोखर चांगला आहे. पण पंखा, रिक्षा, शेजारचा टीव्ही आणि जिन्यातली वर्दळ हे सगळे तो तितक्याच प्रामाणिकपणे टिपतो. रस्त्यालगतच्या घरात शुअर एसएम५८ सारखा डायनॅमिक माइक अधिक उपयोगी पडतो, कारण तो जवळच्या आवाजाला धरतो आणि दूरच्याकडे बऱ्याच अंशी दुर्लक्ष करतो. १९६६ पासून तो बनतो आहे, आणि जोरात वाजणाऱ्या वाद्यांपुढेही तो डगमगत नाही.

हलगी रेकॉर्ड करण्याची माझी पद्धत सांगतो. कातड्याची हलगी असेल तर वाजवणारे ती आधी उन्हात किंवा जाळावर शेकतात. ताण चढला की आवाज कडक येतो आणि काही मिनिटांनी उतरू लागतो, म्हणून माइक, लेव्हल, केबल हे सगळे हलगी शेकण्याआधीच लावून ठेवावे. भिंतीला उभी गादी टेकवावी, वाजवणाऱ्याला तिच्यासमोर बसवावे आणि माइक दीड-दोन फुटांवर, कडेच्या दिशेने थोडा तिरपा धरावा. सर्वांत जोराचा आघात मीटरवर उणे १० ते उणे ६ डेसिबलच्या पुढे जाणार नाही इतका गेन (माइकचा आवाज वाढवण्याचे प्रमाण) ठेवावा, कारण एकदा फाटलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही. २४ बिटवर रेकॉर्ड करताना लेव्हल थोडी कमी राहिल्याने काही बिघडत नाही. मग संपूर्ण ठेका न घेता सुटे आघात घ्यावेत: मध्यावरचा जाड काठीचा, कडेवरचा बारीक काठीचा, दाबलेला, उघडा, आणि प्रत्येक आघात हळू, मध्यम आणि जोरात असा किमान चार-चार वेळा. वीस मिनिटांच्या बैठकीतून असे पन्नास-साठ आघात मिळतात. ते पॅडवर बसवले की आपल्याकडे असे ड्रम किट तयार होते जे इतर कोणाकडे नाही. फोनवर हेच रेकॉर्ड केले तर फोन स्वतःच आवाजाची पातळी वरखाली करतो आणि पहिल्या आघातानंतरचे सगळे दबून येतात.

वीज, वायर आणि गुणगुण

जुन्या इमारतींत हा विषय टाळता येत नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असते, आणि अर्थिंग नीट नसेल तर हेडफोनमध्ये किंवा रेकॉर्डिंगमध्ये त्याच स्वराची गुणगुण येते. हा स्वर खालच्या पांढऱ्या पाचच्या, म्हणजे ४९ हर्ट्झच्या, इतका जवळ आहे की बेसच्या खाली तो लपून राहतो आणि बीट थांबल्यावरच उघडा पडतो. तपासायचे असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहावे. गुणगुण थांबली तर दोष चार्जर-अर्थिंगच्या मार्गात आहे, आणि इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घेणे हाच त्याचा योग्य उपाय आहे. तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये, त्यात जिवाला धोका आहे. सगळी साधने शक्यतो एकाच बोर्डवरून चालवावीत. माइकची केबल एक्सएलआर (तीन पिनांची) आणि बॅलन्स्ड, म्हणजे गुणगुण रोखणाऱ्या रचनेची असावी, आणि तीन मीटरहून फार लांब नसावी. वीज जाणाऱ्या गावात डेस्कटॉप असेल तर छोटा यूपीएस घ्यावा आणि डॉमध्ये दर पाच मिनिटांनी आपोआप जतन होण्याचे सेटिंग चालू ठेवावे.

स्पीकर, वर्षभरानंतर

हेडफोनवर कान तयार झाल्यावर स्पीकरचा विचार करावा. दहा बाय दहाच्या खोलीत पाच इंचांहून मोठे घेऊ नयेत. यामाहाचा एचएस५ कंपनीच्याच आकड्यांनुसार उणे १० डेसिबलवर ५४ हर्ट्झपर्यंत उतरतो, म्हणजे ८०८ चा अगदी तळ त्यावर ऐकू येणार नाही, आणि अशा खोलीत ते बरेच आहे. दोन स्पीकर आणि आपले डोके यांचा समभुज त्रिकोण व्हावा, ट्वीटर, म्हणजे वरचे स्वर वाजवणारे छोटे भाग, कानाच्या उंचीला यावेत, आणि आपली खुर्ची समोरच्या भिंतीपासून साधारण पावणेचार फुटांवर यावी, मध्यावर कधीच नाही. अंड्यांचे ट्रे किंवा पातळ फोम भिंतीला चिकटवून बेस सुधारत नाही. ते फक्त वरचे स्वर शोषतात आणि खोली आणखी घुमी वाटू लागते. चार इंच जाडीचे रॉकवूलचे (दगडी तंतूंच्या लोकरीचे) पॅनल कोपऱ्यांत उभे केल्याने थोडा फरक पडतो. पुस्तकांनी भरलेले कपाट, जाड गाद्यांची चळत आणि पडदे यांचाही उपयोग होतो, आणि त्यांना खर्च नाही.

पैशांची वाटणी आणि दुकान

समजा लॅपटॉप घरात आहे आणि हातात ३०,००० रुपये आहेत. मी त्यातले १०,००० पर्यंत हेडफोनला, तेवढेच कीबोर्ड-पॅडला, आणि उरलेले सॉफ्टवेअरच्या परवान्यासाठी ठेवीन. हलगी किंवा आवाज रेकॉर्ड करायचाच असेल तर सॉफ्टवेअर मोफत किंवा स्वस्तातले ठेवून ती रक्कम इंटरफेसकडे वळवीन आणि माइक कोणाकडून चार दिवसांसाठी मागून आणीन. हातात फक्त १०,००० असतील तर सगळेच्या सगळे हेडफोनवर खर्च करावेत आणि कळा लॅपटॉपच्याच वापराव्यात. हप्त्यांवर 'संपूर्ण स्टुडिओ किट' घेऊ नये. त्यात माइक, स्टँड, फिल्टर अशा आज नको असलेल्या वस्तू भरपूर असतात आणि हेडफोन सर्वांत हलके.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा धोबी तलावच्या संगीत दुकानांत जाऊन वस्तू हाताळून घेणे उत्तम. ऑनलाइन घेतली तरी भारतातील अधिकृत वितरकाची वॉरंटी बिलावर लिहिलेली आहे का ते पाहावे, कारण बाहेरून आलेल्या स्वस्त मालाला ती नसते. जुनी वस्तू घेताना प्रत्येक पॅड आणि प्रत्येक कळ वाजवून पाहावी, सगळे नॉब फिरवून खरखर होते का ते हेडफोनमध्ये ऐकावे, यूएसबीची केबल हलवून जोडणी तुटते का ते तपासावे, आणि इंटरफेस असेल तर कंडेन्सर माइक लावून फँटम पॉवर चालू होते याची खात्री करावी. जुन्या कीबोर्डसोबत एबलटन लाइव्ह लाइटसारखे मोफत सॉफ्टवेअर मिळेल असे विकणारा सांगत असेल, तर तो कोड पहिल्या मालकाने आधीच वापरला आहे का हे विचारावे, कारण तो एकदाच चालतो. वापरला गेला असेल तर तेवढी रक्कम किमतीतून कमी करून घ्यावी.